हरवलेला तुकडा आणि वजा चिन्ह

आजचा विषय टिल्टिंग थिअरी. नाव भारदस्त आहे, पण तिचं मर्म दोन ठिपके आणि एका बाणात दिसतं. कागद-पेन्सिल घ्या.

डाव्या ठिपक्यावर एक सदिश अवकाश, उजव्यावर दुसरं, आणि बाण म्हणजे डावीकडून उजवीकडे नेणारं रेषीय रूपांतर. या जोडणीला रिप्रेझेंटेशन म्हणतात. सांत मितीचं असं कोणतंही रिप्रेझेंटेशन फोडा, तीनच प्रकारचे तुकडे निघतात. दोन्ही ठिपक्यांवरच्या मिती लिहिल्या तर (१,०), (०,१) आणि (१,१).

आता बाण उलटा करू. बर्नस्टाइन, गेलफांड आणि पोनोमारेव यांची १९७३ची युक्ती अशी: डावं अवकाश तसंच ठेवा. उजवं काढून तिथे कर्नल बसवा, म्हणजे डावीकडचे जे सदिश शून्यावर जातात ते. कर्नल डाव्या अवकाशाचाच भाग, म्हणून नवा बाण उजवीकडून डावीकडे जातो.

(१,१) चा (१,०) होतो, (१,०) चा (१,१). आणि (०,१)? डावीकडे काहीच नाही, म्हणून कर्नलही शून्य. तुकडा गायब! उलट, नव्या बाजूच्या (०,१) पर्यंत कुणीच पोचत नाही.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा आपलंच चुकलं असं मला वाटलं. चुकलं नव्हतं. (अ, ब) ऐवजी (अ, अ−ब) लिहून बघा. पहिले दोन तुकडे बरोबर येतात. तिसऱ्याचं उत्तर (०,−१). मिती ऋण कशी? ते वजा चिन्ह पत्ता सांगतं: तुकडा त्या रिकाम्या जागीच गेलाय, फक्त एक पायरी सरकून.

शीला ब्रेनर आणि मायकेल बटलर यांनी १९८०मध्ये हे व्यापक केलं. अक्ष कलतात, जुना धन तुकडा ऋण दिसतो, म्हणून 'टिल्टिंग'. काही तुकडे होम नेतं, होमच्या हातून सुटलेले एक्स्ट. त्यांच्या मांडणीत दोन अल्जेब्रांचे कप्पे असे आडवे जुळतात. डिराइव्ह्ड कॅटेगरीत, जिथे सरकलेले तुकडेही मोजतात, तिथे दोन्ही बाजू एकच ठरतात, हे हापेल यांनी १९८७मध्ये दाखवलं.

तेव्हा हिशेबात काही हरवलं, तर आधी चिन्ह बघा.

गृहपाठ: एकाच दिशेच्या बाणांनी जोडलेले तीन ठिपके घ्या, शेवटचा बाण उलटा करा. सहा तुकड्यांपैकी किती गायब होतात?