कुवेतच्या दाराने आलेला निवाडा

परदेशी गुंतवणूकदारांना करारातून मिळणाऱ्या संरक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे सगळा राग ‘न्याय्य व समन्यायी वागणूक’ या मोघम कलमावर निघतो. न्याय्य काय ते तीन जणांच्या लवादाने ठरवायचे आणि भरपाई तिजोरीतून द्यायची, ही तक्रार खोटी नाही. पण व्हाइट इंडस्ट्रीजच्या प्रकरणात भारत या कलमामुळे हरलाच नाही. या ऑस्ट्रेलियन कंपनीने १९८९ मध्ये कोल इंडियाशी पिपरवारच्या कोळसा खाणीचा करार केला. बोनस, दंड आणि वटवलेली बँक हमी यांवरून वाद पेटला. २००२ मध्ये व्यापारी लवादाने कंपनीला सुमारे ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देवविले. कंपनी वसुलीसाठी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, कोल इंडिया निवाडा रद्द करून घ्यायला कोलकात्यात. कोलकात्याला तो अधिकार आहे का, एवढाच प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून राहिला. २००८ मध्ये तो मोठ्या पीठाकडे गेला आणि तिथेही रेंगाळला.

अखेर कंपनी गुंतवणूक कराराखाली भारताविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली. २०११ मध्ये त्या लवादाने म्हटले, की विलंब असमाधानकारक आहे, पण हा न्याय नाकारणे नव्हे. मग भारत हरला कसा? ऑस्ट्रेलियाशी केलेल्या करारात सर्वाधिक अनुकूल वागणुकीचे कलम होते, म्हणजे इतर देशांच्या गुंतवणूकदारांना जे दिले ते यांनाही. कुवेतशी केलेल्या करारात हक्क बजावण्याची ‘परिणामकारक साधने’ देण्याचे वचन होते. व्हाइटने ते उसने घेतले आणि तेवढ्यावर जिंकली.

२०१५च्या आदर्श गुंतवणूक कराराच्या मसुद्यातून सरकारने न्याय्य वागणुकीचे आणि सर्वाधिक अनुकूल वागणुकीचे अशी दोन्ही कलमे काढली, करआकारणी वगळली आणि आधी पाच वर्षे देशातल्या न्यायालयांत दाद मागण्याची अट घातली. व्होडाफोनचा २०२०चा निवाडा पाहता न्याय्य वागणुकीचे कलम निरुपद्रवी होते, असे कोणी म्हणणार नाही; त्या कंपनीवरच्या पूर्वलक्षी कराविरुद्ध तेच लागू पडले. शिवाय जी दाद भारतीय ठेकेदाराला मिळत नाही ती परक्याला का, हाही आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर मसुद्यात नाही. पाच वर्षांची अट असती तरी व्हाइटला २००७ मध्ये दार उघडले असते; कंपनी प्रत्यक्षात लवादाकडे आली २०१० मध्ये. उसने कलम नसल्याने ती बहुधा हरली असती, एवढेच. वसुलीचा अर्ज मात्र दिल्लीत तसाच पडून राहिला असता. संयुक्त अरब अमिरातीशी २०२४ मध्ये झालेल्या करारात भारताने ही पाच वर्षांची मुदत तीन वर्षांवर आणली आहे.