ओले कटर कशामुळे टिकते?

पनवेल, कामोठे, खारघर या परिसरात नवी घरे उभी राहत असतात आणि जुन्या घरांच्या लाद्या बदलल्या जात असतात. कटरचा कर्कश आवाज आणि पांढऱ्या धुळीचा लोट त्यामुळे आपल्या ओळखीचा झाला आहे. हेच काम पाणी सोडून लादी कापणाऱ्या कटरनेही होते. मग पाण्याने नेमके काय साधते?

कटरच्या चकतीला करवतीसारखे दाते नसतात. तिच्या कडेवर धातूच्या थरात हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात. काठिण्याच्या मोहज् श्रेणीत क्वार्ट्‌झ ७ वर, तर हिरा १० वर आहे. म्हणजे चकती लादीला खरवडत जाते. ११० मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटाला १३,००० फेरे घेत असेल, तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ७५ मीटर, म्हणजे ताशी २७० किलोमीटर होतो. या घर्षणाने चकती तापते, पातळ पत्रा वाकतो आणि कण निखळतात. हिरा हा कार्बनच. हवेत सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे तोही जळू लागतो. पाणी ही उष्णता वाहून नेते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता खर्च होते.

दुसरा प्रश्न कारागिराच्या फुफ्फुसांचा. आपल्या डोंगरांतल्या काळ्या बेसाल्टमध्ये मुक्त क्वार्ट्‌झ जवळजवळ नसते. व्हिट्रिफाइड लादी आणि ग्रॅनाइटमध्ये मात्र ते असते. त्याचे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहून बारीक कण फुफ्फुसात खोलवर जातात आणि सिलिकोसिस होतो. या रोगाने झालेली हानी भरून येत नाही. पाण्यामुळे बहुतेक धूळ जागीच बसते.

यंत्र घेताना म्हणून आधी पाण्याची व्यवस्था पाहावी. पंप काढून धुता यावा, तबक न गंजणारे असावे, बेअरिंगमध्ये चिखल शिरू नये. लादीसाठी अखंड कडेची चकती घ्यावी; खाचांच्या चकतीने लादीचे टवके उडतात. लादी जितकी कठीण, तितका कण धरणारा धातू मऊ हवा. तो झिजला की नवे कण उघडे पडतात. कोरड्या कटरवर बाटलीने पाणी ओतणे धोक्याचे आहे, त्यातून विजेचा धक्का बसू शकतो. ओल्या कटरलाही अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. काळ्या कागदावर पॉलिश पेपरचे दोन तुकडे ठेवावेत, एक कोरडा आणि एक भिजवलेला. दोन्हींवर खडू घासावा. कोरडीकडे भुकटी पसरते, ओलीकडे लगदा होतो. तो लगदा दुसऱ्या दिवशी वाळल्यावर हलकेच झटकला, तर भुकटी पुन्हा उडते. म्हणून कटरखालचा चिखल ओला असतानाच गोळा करायचा. वाळल्यावर झाडायचा नाही.