पंपाचे रबर वेळीच बदला, इंजिन वाचवा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. या काळात रंगकाम होते, जाळी दुरुस्त होतात. पण खाऱ्या पाण्याचा पंप सहसा कोणी उघडत नाही. भर समुद्रात इंजिन तापल्यावरच त्याची आठवण होते.

या पंपात रबरी पात्यांचा इंपेलर असतो. तो समुद्राचे पाणी खेचतो व इंजिन थंड राहते. पाणी हेच त्याचे वंगण. कोरडा फिरल्यास तो थोड्याच वेळात जळतो. म्हणून इंजिन सुरू करताच बाहेर पाणी पडते की नाही ते पाहावे.

पंप उघडण्यापूर्वी सी-कॉक बंद करावा. पात्यांना चीर पडली असल्यास किंवा ती वाकडीच राहत असल्यास इंपेलर बदलावा. पाते तुटले असल्यास तुकडे जुळवून पाहावेत. कमी पडलेला तुकडा पुढे कूलरच्या नळ्यांत अडकतो. तो काढल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये. नवा इंपेलर बसवताना ग्लिसरीन लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. पाती फिरण्याच्या उलट दिशेला वाकलेली असावीत.

अनेक पंपांच्या खालच्या बाजूस बारीक भोक असते. त्यातून पाणी ठिबकल्यास पाण्याचे सील गेले, तेल ठिबकल्यास ऑईल सील गेले असे समजावे. हे भोक कधीही बुजवू नये. अडलेले खारे पाणी इंजिनच्या तेलात उतरू शकते.

काम संपताच सी-कॉक आठवणीने उघडावा आणि एक जादा इंपेलर व गॅस्केट नौकेवर ठेवावे. इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे या रबराची किंमत काहीच नाही.