फलकावरचा शब्द कोणाचा?

गेल्या डिसेंबरात आमच्या जळोचीच्या उपासक-उपासिकांची सहल पुण्याला गेली होती. सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिस संस्थेच्या आवारात परमपूज्य बाबासाहेबांचे संग्रहालय व स्मारक आहे, ते पाहणे हाच सहलीचा मुख्य हेतू. १९९६ साली खुले झालेल्या या संग्रहालयात माईसाहेब आंबेडकरांनी जपून ठेवलेल्या व पुढे स्वाधीन केलेल्या वस्तू आहेत. बाबासाहेबांचे व्हायोलिन आहे, १९९० साली मरणोत्तर मिळालेले भारतरत्न आहे आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी ज्यावर त्यांनी अखेरचा श्वास घेतला तो पलंगही आहे.

आमच्यात माझी आत्या होती. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अक्षरओळख नाही. तिच्याबरोबर तिचा नातू, पुण्यात इंग्रजी माध्यमात आठवीला. आत्या प्रत्येक वस्तूपाशी थांबे आणि विचारी, "काय लिवलंय रं?" पोरगा सवयीने इंग्रजी मजकूर वाची आणि आपल्या परीने मराठी करून सांगे. पलंगापाशी आल्यावर तो म्हणाला, "आजी, याच्यावर बाबासाहेब मेले."

आत्या एकदम थांबली. "आरं, मेलं म्हनू नगं. बाबासाहेब मेलं न्हाईत." आणि पदर डोळ्यांना लावून ती तिथेच उभी राहिली. पोरगा बिचारा गोंधळला. त्याने खोटे काहीच सांगितले नव्हते. इंग्रजीतल्या शब्दाला त्याच्यापाशी जो मराठी शब्द होता तो त्याने दिला. महापरिनिर्वाण हा शब्द त्याला ठाऊक नव्हता असेही नाही, दरवर्षी तो ऐकतोच. पण इंग्रजीतून मराठीत येताना वाटेत तो शब्द त्याला भेटला नाही, एवढेच.

परतीच्या गाडीत माझ्या मनात हीच गोष्ट घोळत होती. वस्तू बोलत नाही, तिच्याखालचा मजकूर बोलतो. मग तो मजकूर कोणी लिहायचा, कोणत्या भाषेत आधी लिहायचा आणि दुसऱ्या भाषेत नेताना कोणता शब्द सोडायचा नाही, याचा विचार आपण चळवळीतल्या माणसांनी कधी केला आहे काय?

हा विचार करण्याची वेळ माझ्यावर लवकरच आली. १४ एप्रिलच्या जयंतीनिमित्त विहारात चित्रप्रदर्शन भरवायचे ठरले आणि 'तुम्ही ऑफिसात कागदच लिहिता' या न्यायाने चित्रांखालचे फलक लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. मंडळातील तरुणांचा आग्रह असा, की फलक मराठी आणि इंग्रजी दोन्हींत हवेत. बारामतीच्या एमआयडीसीत आमच्या वस्तीतली बरीच मुले कामाला जातात, त्यांच्याबरोबर कधी परप्रांतातले, कधी परदेशातले पाहुणेही येतात. मी बी.कॉम. झालेला माणूस, इंग्रजी पत्रव्यवहारापुरते. म्हणून एका मुलाने मोबाईलवरून भाषांतर करून दिले. त्यात 'चवदार तळे' याचे इंग्रजी झाले होते 'चविष्ट तळे'!

हसू आले, पण ते छापले गेले असते तर? महाडला २० मार्च १९२७ रोजी आपल्या माणसांनी ओंजळीने पाणी घेतले ते चव पाहण्यासाठी नव्हे. नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून तळे खुले केले होते, तरी पाण्याला हात लावू दिला जात नव्हता. हायकोर्टात निकाल लागायला १९३७ साल उजाडले. हे सगळे एका हातभर फलकावर बसवायचे आणि वर यंत्राने त्याला चविष्ट म्हणायचे! मग एका शिक्षक मित्राने जुन्या पुस्तकांत पाहून 'तळे' या अर्थी इंग्रजी 'टँक' हा शब्द घातला. आपल्याकडच्या इंग्रजीत तो रुळलेला आहे, आम्ही निश्चिंत झालो.

जयंतीच्या दिवशी आमचा एक मुलगा कंपनीत यंत्रजोडणीसाठी आलेल्या स्पेनच्या एका पाहुण्यांना विहारात घेऊन आला. त्यांचे इंग्रजीही माझ्यासारखेच बेताचे. महाडच्या चित्रापुढे ते बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी त्यांनी विचारले, यात टँक कुठे आहे? त्यांच्या डोळ्यांपुढे गच्चीवरची पाण्याची टाकी होती! आमच्या इंग्रजीतले 'टँक' त्यांच्या देशात पोचेपर्यंत लोखंडाचे होऊन गेले. अखंड गावाचे, गुरांनाही मोकळे असलेले तळे त्यांना दिसेचना. आणि ते दिसले नाही तर सत्याग्रह कशासाठी झाला हे तरी कसे कळणार? तिथल्या तिथे कागद चिकटवून आम्ही गावाचे सार्वजनिक तळे अशा अर्थाचे सोपे शब्द लिहिले. 'चवदार' हे नाव नाव म्हणूनच ठेवले.

पाहुणे जिज्ञासू होते. दोन-तीन फलक त्यांनी आपल्या भाषेत लिहून द्यायची तयारी दाखवली आणि त्या निमित्ताने तासभर जी चर्चा झाली ती मला चार पुस्तकांनी शिकवली नसती. 'जात' या शब्दाला इंग्रजीत जो शब्द आहे तो मुळात पोर्तुगीजांचा 'कास्ता', म्हणजे वंश, कूळ. पोर्तुगीज पश्चिम किनाऱ्यावर आले, इथली माणसांची उतरंड त्यांनी पाहिली आणि आपल्याजवळचा शब्द तिला चिकटवला. स्पॅनिशमध्येही तोच शब्द आहे, पण तिथे त्याला निराळा इतिहास आहे. मेक्सिकोसारख्या वसाहतींत युरोपीय, मूळचे रहिवासी आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम यांच्या मिश्र संततीला वेगवेगळ्या कास्ता ठरवून दिल्या होत्या. अठराव्या शतकात त्यांची रांगेने चित्रेसुद्धा काढली जात. म्हणजे स्पॅनिश वाचणारा माणूस 'कास्ता' वाचून रक्ताच्या मिश्रणाचा विचार करील. आपल्याकडे तर मिश्रण होऊच नये म्हणून सारा बंदोबस्त! शब्द तोच, अर्थ उलट्या टोकाचा.

'अस्पृश्य' या शब्दाची गंमत म्हणावी की विटंबना, कळत नाही. स्पॅनिशमध्ये त्याला 'इन्तोकाब्ले' म्हणतात. पण ज्याच्या केसाला धक्का लावता येत नाही, ज्याच्यावर टीकाही करता येत नाही अशा बड्या माणसालाही तिथे हाच शब्द लावतात. आजच्या इंग्रजीतही तसेच झाले आहे. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी जे सोसले ते शब्दाला शब्द ठेवून परक्या भाषेत नेले, तर त्या भाषेत त्या बलाढ्य ठरायच्या!

शेवटी आम्ही नाम सोडून क्रियापद धरले. 'अस्पृश्य लोक' असे न लिहिता 'ज्यांच्या स्पर्शाचा सवर्ण विटाळ मानीत असे लोक' असे लिहिले. फलक एका ओळीने वाढला. पण कोणी केले, हे त्यात आले. नुसत्या 'अस्पृश्य' शब्दात ते येत नाही. जणू ही माणसे जन्मतःच तशी होती, त्यांना तसे करणारे कोणी नव्हतेच. 'खालच्या जातीचे' हे इंग्रजीत सर्रास लिहिले जाते, ते तर मला मुळीच मान्य नाही. खालचे म्हटले की शिडी मान्य केली.

बाबासाहेबांनी या बाबतीत किती बारकाईने विचार केला होता पाहा. १९२४ साली त्यांनी संस्था काढली तिचे मराठी नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. बहिष्कृत म्हणजे बाहेर टाकलेले, अर्थात कोणीतरी टाकलेले. त्याच संस्थेचे इंग्रजी नाव मात्र शब्दशः भाषांतर नाही. तिथे सरकारदरबारी चालणारा 'डिप्रेस्ड क्लासेस' हाच शब्द आहे, कारण ते नाव सरकारला व कायदेमंडळाला वाचायचे होते. आपल्या माणसांशी 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'मधून मराठीत बोलावे, राज्यकर्त्यांपुढे इंग्रजीत दावा मांडावा, आणि दोन्हीकडे शब्द स्वतःच निवडावे, ही त्यांची रीत. शब्दासाठी ते दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसले नाहीत.

लंडनमध्ये १० किंग हेन्रीज रोडवरचे जे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले, तिथल्या निळ्या फलकावर बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तेथे राहत होते असे लिहिले आहे आणि त्यांना सामाजिक न्यायासाठी लढणारे म्हटले आहे. त्यासाठी इंग्रजीत योजलेला शब्द मूळचा ख्रिस्ती धर्मयुद्धातल्या शिपायाचा. जातीचा उल्लेखच नाही. एवढ्याशा गोल फलकावर किती मावणार, हे मी समजू शकतो. पण रस्त्याने जाणाऱ्या तिथल्या माणसाला हा लढा कोणाविरुद्ध होता हे कळायचे राहूनच जाते.

आपल्या पुणे जिल्ह्यातच याचा फार जुना धडा आहे. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत जे शिलालेख आहेत ते एका अर्थी फलकच. दाता कोण, कुठला, काय दिले. त्यांत यवनांची, म्हणजे परदेशी वंशाच्या माणसांचीही दाने आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची कोरीव टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. हे लेख ग्रीक भाषेत नाहीत. इथल्या माणसांच्या प्राकृतात, ब्राह्मी लिपीत आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी परका माणूस आपल्या लोकांच्या भाषेत लिहवून घेतो आणि आपण मात्र आपल्याच विहारात आधी इंग्रजी करून मग मराठी भरतो!

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात २०२२ साली लॅटिनो समाजाच्या इतिहासाचे दालन सुरू झाले, तिथे इंग्रजी आणि स्पॅनिश मजकूर बरोबरीने होता. ज्यांचा इतिहास, त्यांची भाषा कोपऱ्यात नव्हती. स्पॅनिश मजकूर इंग्रजीहून लांब होतो, त्याला जागा आधीच सोडावी लागते. मराठीचे दुखणे निराळे. मात्रा, वेलांट्या, उकार यांना वर-खाली जागा लागते. इंग्रजीच्या मापाने ओळी बसवल्या की अक्षरे एकमेकांत घुसतात आणि म्हाताऱ्या डोळ्यांना काही दिसत नाही. आमच्या फ्लेक्सवर 'पुढाऱ्यांनी'चे 'पुढार्यांनी' झाले होते ते वेगळेच. मोबाईलवर बरोबर दिसणारा मजकूर छापखान्याच्या टायपात मोडतो, म्हणून छापण्याआधी कागदावर एक प्रत काढून ती मोठ्याने वाचावी, हे मी आता शिकलो आहे. वाचणारा शाळकरी असावा आणि ऐकणारी आमच्या आत्यासारखी असावी.

वर्षावासात विहारात पुन्हा प्रदर्शन मांडायचे आहे. या वेळी मराठी मजकूर आधी पक्का होईल, इंग्रजी नंतर. आत्याच्या नातवाला सुट्टीत बोलावून घेतले आणि २६ अलीपूर रोडच्या चित्राचा फलक त्याच्याकडे दिला. पहिल्या खेपेला त्याने लांबलचक लिहिले, दुसऱ्या खेपेला नेमके. 'दिल्लीतील या घरी ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.' इंग्रजीतही त्याने महापरिनिर्वाण हा शब्द तसाच ठेवला आणि खाली एका ओळीत अर्थ दिला. आत्याला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "आता बराबर. पुन्यांदा वाच."