समजा, कचेरीच घरी आली तर

आपली नातवंडे हल्ली सकाळी डबा घेऊन बाहेर पडत नाहीत. खोलीचे दार लावून घेतात आणि तेथूनच नोकरी करतात. याचे पुढे काय होणार, हे समजून घेण्यासाठी आम्ही वाचकांना आयर्लंडमधील एका बेटावर नेतो.

आयर्लंडच्या वायव्येस, डोनेगॉल परगण्यात अ‍ॅरनमोर हे बेट आहे. तेथे आयरिश भाषा अजून बोलली जाते. २०१६ च्या जनगणनेत तेथे पाचशेही माणसे नव्हती. तरुण मंडळी पोटासाठी बाहेर जात आणि बेट म्हातारे होत चालले. आपल्या वाडवडिलांच्या कोकणातही हेच झाले. पेण, अलिबाग, रेवदंड्याकडची मुले मुंबईस गिरणीत, रेल्वेत, पलटणीत गेली. गावी मनीऑर्डर येई, मुलगा सणावारी.

२०१९ साली अ‍ॅरनमोरच्या लोकांनी बेटावर वेगवान इंटरनेट असलेली सामायिक कचेरी उघडली आणि अमेरिका व ऑस्ट्रेलियातील लोकांस जाहीर पत्रे लिहिली: येथे राहावयास या, नोकरी बरोबर घेऊन या. पुढे जानेवारी २०२१ मध्ये सरकारने दूरस्थ कामाचे राष्ट्रीय धोरण काढले. मार्च २०२४ पासून तेथील कामगारास घरून काम मागण्याचा हक्क आहे. मागण्याचाच, बरे का. मालकाने विचार करून उत्तर द्यावयाचे, होकार दिलाच पाहिजे असे नाही.

आता पुढची तीस वर्षे कशी पाहायची? अँथनी डन आणि फिओना रॅबी या रचनाकारांनी २०१३ साली एका पुस्तकात जी रीत मांडली, तिला स्पेक्युलेटिव्ह डिझाइन म्हणतात. नाव जड आहे, पण भूमितीच्या तासाला आपण ‘समजा’ म्हणून सुरुवात करीत असू, तसेच हे. भाकीत करावयाचे नाही. उद्याच्या जगातील एखादी साधी वस्तू आजच बनवून लोकांपुढे ठेवावयाची, म्हणजे असे जग हवे की नको यावर त्यांना बोलता येते.

समजा, आपण अ‍ॅरनमोरच्या बोटीचे २०५० सालचे वेळापत्रक छापले. कामासाठी कोणी पलीकडे जातच नाही, म्हणून सकाळची बोट बंद. मग इस्पितळात जाणाऱ्या आजीबाईंनी काय करावे? किंवा शाळेचा हजेरीपट घ्या. मुले भरपूर, पण निम्म्यांच्या घरी इंग्रजी. मग हजेरी कोणत्या भाषेत घेणार? तिसरी वस्तू, घरभाड्याची पावती. डब्लिनचा पगार घेणारा पाहुणा जे भाडे देईल, ते तेथल्या कोळ्याच्या मुलाला परवडेल काय?

असे प्रश्न तरुण अभियंत्यास सहसा सुचत नाहीत. गाव रिकामे होताना ज्यांनी पाहिले, त्यांना सुचतात. म्हणून नातवाने दार उघडले की त्याला कागदपेन्सिल घेऊन जवळ बसवावे आणि आपल्याच घराचे २०५० सालचे दार काढावयास सांगावे. त्यावर पाटी कोणती, आणि ती संध्याकाळी किती वाजता उतरते, हेही त्याला विचारावे.