नाक वर गेलं, स्प्रिंगला पत्ताच नाही

अकोले तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय: फोर-बाय-फोर पिकअप पुढून दोन इंच उचलून घेतली तर स्प्रिंग कडक होते का? आणि भंडारदऱ्याकडच्या पावसाळी वाटांवर गाडी खरंच जास्त चालते का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 1678 साली छापून झालंय. दुसऱ्याचं उत्तर लिफ्ट किट विकणारा सहसा देत नाही.

मागचे पाटे ओझ्याच्या हिशेबाने बनवलेले असल्यामुळे रिकामी पिकअप पुढे झुकलेली दिसते. हौशी मालकाला ते खुपतं. मग पुढच्या शॉकअपवर बसलेल्या स्प्रिंगच्या डोक्यावर जाड चकती, म्हणजे स्पेसर, चढवला जातो. इंचभर स्पेसरने गाडी जवळपास दोन इंच उचलली जाते, कारण शॉकअप खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकलेला असतो आणि चाक टोकाला. हापशाचा दांडा खिळीजवळ बोटभर हलला की मुठीशी हातभर हलतो, तसंच हे.

स्प्रिंगला मात्र यातलं काही कळत नाही. तिच्यावरचं वजन तेवढंच, म्हणून तिची लांबीही तेवढीच. आपण फक्त तिची बैठक सरकवली. मग गाडी कडक का लागते? चाकाला खाली लोंबायला जागा कमी उरते. खड्डा आला की शॉकअप पूर्ण ताणला जाऊन टोकाला आदळतो. तो दणका लोक स्प्रिंगच्या नावावर लिहितात.

जुन्या टाटा सफारीत पुढे गुंडाळी स्प्रिंगच नव्हती, पीळ खाणारी पोलादी दांडी होती: टॉर्शन बार. तिथे चकतीही लागत नाही, बोल्ट आवळला की नाक वर. हीच कल्पना अवाढव्य आकारात बघायची तर नगरच्या रणगाडा संग्रहालयात जावं. 1965च्या युद्धातला पॅटन तिथे आहे. त्याची चाकं ज्या दांड्यांवर झुलतात त्या पोटात आडव्या असल्यामुळे दिसत नाहीत, पण प्रत्येक चाकाचा आर्म बघून अंदाज येतो.

दांडी असो की गुंडाळी, नियम रॉबर्ट हूकचा. या माणसाने 1676 साली आपला शोध 14 अक्षरांच्या सरमिसळीत दडवून छापला आणि दोन वर्षांनी कोडं उलगडलं: जेवढं बल, तेवढा ताण. श्रेय कुणी पळवू नये म्हणून एवढा खटाटोप! श्रेय तरीही निसटलंच. गुरुत्वाकर्षणावरून न्यूटनशी वाकडं आलं, 1703 मध्ये हूक वारला, त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला, आणि आज हूकचं खात्रीचं एक चित्रही उपलब्ध नाही. ते न्यूटनने हटवलं अशी वदंता आहे, पुरावा नाही. शाळेत हूक एका ओळीत उरकतात. पण प्रोपेलर शाफ्टवरचा, गॅरेजात ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात, तो सांधाही त्यानेच अभ्यासला होता. तो तिरका झाला की शाफ्ट एकसारखा फिरत नाही: 20 अंशांच्या कोनात वेग दर फेऱ्यात दोनदा सहा टक्क्यांनी वर-खाली होतो.

वळणाऱ्या पुढच्या चाकाला हे चालत नाही. म्हणून तिथे सहा पोलादी गोळ्यांचा, 1920च्या दशकात आल्फ्रेड झेपाने रचलेला सांधा असतो. तो तिरका असूनही वेग समान ठेवतो. गाडी उचलली की डिफरन्शियल चासीबरोबर वर जातं, चाक जमिनीवरच राहतं आणि हा सांधा कायमचा जास्त तिरका होतो. रबरी बूट घासतो, फाटतो, ग्रीस बाहेर आणि धूळ आत. नुसत्या स्पेसरने दोन इंचांच्या फार पलीकडे जाऊ नये, असा आडाखा आहे तो यासाठी. त्याच भूमितीने चाकांचा कलही बदलतो. अलाइनमेंट न करता गाडी घरी नेणारा टायरचे पैसे दोनदा मोजतो.

आता वाटेचं. पुढून उचलल्याने चढाच्या सुरुवातीला बंपर टेकत नाही, इंजिनाखालचा दगड चुकतो. हा फायदा खरा. पण मागचा एक्सल सलग असतो आणि त्याचं डिफरन्शियल जमिनीपासून जेवढं उंच होतं तेवढंच राहतं. ते उचलायला मोठे टायरच लागतात. ‘ग्राउंड क्लिअरन्स वाढवा’ या जाहिरातीत हा अर्धा भाग कुणी छापत नाही.

आणि हेडलाइट. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे 3.1 मीटर, नाक 5 सेंटिमीटर वर गेलं की 50 मीटरवर झोत 80 सेंटिमीटर वर सरकतो. डिपरला कारखान्यात साधारण एक टक्का उतार दिलेला असतो, म्हणजे तेवढ्याच अंतरावर अर्धा मीटर. तो उतार संपून झोत वर चढतो. त्यात मागे कांद्याच्या गोण्या भरल्या, पाटे बसले, की नगर-मनमाड रस्त्यावर समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत. स्पेसर बसवलाच असेल तर हेडलाइटचा स्क्रूही फिरवून घ्या, आणि तो गाडी भरलेली असताना.