ब्रिटिश धाटणीचा लझान्या चेन्नईच्या घरगुती भट्टीत

मैद्याच्या पातळ पट्ट्या, टोमॅटोत शिजवलेला खिमा, दुधाचा पांढरा सॉस आणि वर किसलेले चीज यांचे थर रचून भट्टीत भाजलेला पदार्थ म्हणजे लझान्या. तो मूळचा इटलीचा मानला जातो. मात्र भारतातील शहरी घरांत जो लझान्या आज केला जातो, त्याचे रूप बहुतांशी ब्रिटनमधील घरगुती लझान्यासारखे असते. बोलोन्या येथील पारंपरिक पाककृतीत पालक घातलेल्या अंड्याच्या पट्ट्या आणि पार्मेझान चीज वापरले जाते, तर नेपल्सकडे रिकोटा चीज व मांसाचे छोटे गोळे घालतात. ब्रिटिश गृहिणीने या सर्वांतून सोपा मार्ग काढला. बाजारातील वाळवलेल्या पट्ट्या, भरपूर पांढरा सॉस आणि वर चेडर चीज एवढ्यावर तिचे काम भागते.

चेन्नईसारख्या उष्ण व दमट शहरात हा पदार्थ करताना मात्र काही प्रश्न उभे राहतात. येथील टोमॅटो वेगळा, दूध वेगळे, अनेक घरांत मांस वर्ज्य आणि मे महिन्यात रात्रीचे तापमानही सहसा २७-२८ अंशांखाली न उतरणारे. त्यामुळे परदेशी पुस्तकातील कृती जशीच्या तशी उतरवून चालत नाही. प्रत्येक पायरीमागील कारण कळले, तर बदल कोठे करावा आणि कोठे करू नये, हे ठरविणे सोपे जाते.

लझान्या कोणाचा?

लझान्या ब्रिटनचाच, असा दावा २००३ साली इंग्लंडमधून पुढे आला, तेव्हा इटलीत बरीच नाराजी व्यक्त झाली. या दाव्याचा आधार होता ‘फोर्म ऑफ क्युरी’ हा सुमारे १३९० सालचा पाकग्रंथ. राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातील आचाऱ्यांनी तो सिद्ध केला. त्यात ‘लोझेन्स’ नावाच्या पदार्थाची कृती आहे. कणीक कागदासारखी पातळ लाटून वाळवावी, रश्श्यात शिजवावी आणि किसलेले चीज व गोड मसाल्याची पूड यांच्यासह थर रचावेत, असे ती सांगते. काही अभ्यासकांच्या मते या नावाचा संबंध चौकटच्या आकाराशी, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराशी आहे.

तथापि नेपल्सच्या दरबाराशी संबंधित ‘लिबेर दे कोक्विना’ या लॅटिन ग्रंथात लझान्याची कृती आढळते आणि तो ग्रंथ चौदाव्या शतकाच्या आरंभीचा मानला जातो. त्यामुळे ज्येष्ठतेचा मान इटलीकडेच जातो. या दोन्ही कृतींत टोमॅटो नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. टोमॅटो अमेरिकेतून युरोपात सोळाव्या शतकात आला आणि तेथील स्वयंपाकात रुळण्यास त्याला आणखी बराच काळ लागला.

मद्रासचा जुना अनुभव

युरोपीय पदार्थ चेन्नईच्या हवेत कसे साधावेत, हा प्रश्न नवा नाही. मद्रास घोडदळातील अधिकारी कर्नल आर्थर केनी-हर्बर्ट यांनी याच विषयावर ‘क्युलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास’ हे पुस्तक लिहिले. ते १८७८ साली मद्रासच्या हिगिनबॉथम कंपनीने प्रसिद्ध केले. पांढरे व तपकिरी सॉस कसे करावेत याबरोबरच, डबाबंद परदेशी जिन्नसांच्या आहारी न जाता स्थानिक बाजारातील ताज्या वस्तू वापराव्यात, हा त्यांचा आग्रह होता. भारतातील स्वयंपाकघरांच्या दुरवस्थेवरही त्यांनी परखड लिहिले. पुढे इंग्लंडला परतल्यावर त्यांनी लंडनमध्ये पाककलेची शाळा चालविली.

त्याहीपूर्वी तंजावरच्या भोसले दरबारात युरोपीय पदार्थ पोहोचले होते. सरफोजी राजे दुसरे यांच्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२) राजवाड्यातील निरनिराळ्या मुदपाकखान्यांत इंग्रजी पद्धतीचा मुदपाकखानाही होता. तेथील पाककृतींची मराठी हस्तलिखिते तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केली आहेत. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने ती प्रसिद्धही झाली आहेत. मराठी माणसाने तमिळ भूमीवर इंग्रजी पदार्थ शिजविण्याची परंपरा अशी दोनशे वर्षांची आहे.

साहित्य

सहा जणांसाठी सुमारे ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद व ६ सेंटिमीटर खोल असे काचेचे किंवा धातूचे भट्टीत चालणारे भांडे घ्यावे.

खिम्याच्या थरासाठी : बोकडाचा खिमा ५०० ग्रॅम, कांदे २, गाजर १, लसणाच्या पाकळ्या ४, टोमॅटो ७५० ग्रॅम, तेल ३ चमचे, तमालपत्र १, मिरपूड व मीठ.

पांढऱ्या सॉससाठी : लोणी ५० ग्रॅम, मैदा ५० ग्रॅम, दूध ७०० मिलिलिटर, जायफळ चिमूटभर, चीज ५० ग्रॅम.

थरांसाठी : न उकडता वापरता येणाऱ्या वाळवलेल्या पट्ट्या ९, वरून घालण्यासाठी किसलेले चेडर चीज १०० ग्रॅम.

शाकाहारी घरांत खिम्याऐवजी २५० ग्रॅम अळंबी बारीक चिरून व १५० ग्रॅम अख्खे मसूर शिजवून घ्यावेत. मसुरामुळे थराला खिम्यासारखा दाणेदारपणा येतो आणि अळंबीमुळे मांसाच्या रश्श्याच्या जवळ जाणारी चव मिळते.

टोमॅटोची निवड

चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात दोन प्रकारचे टोमॅटो प्रामुख्याने दिसतात. ‘नाट्टु तक्काळि’ म्हणजे गावरान टोमॅटो रसाळ व आंबट असतो; सार, रस्सम यांसाठी तो उत्तम. ‘बेंगळुरू तक्काळि’ या नावाने विकला जाणारा टोमॅटो मांसल व कमी आंबट असतो. लझान्यासाठी दुसरा अधिक सोयीचा, कारण त्यात आटविण्याजोगे पाणी कमी असते. गावरान टोमॅटोच घ्यावयाचा झाल्यास तो पंधरा-वीस मिनिटे अधिक आटवावा. आंबटपणा कमी करण्यासाठी साखर घालण्यापेक्षा गाजराचे प्रमाण थोडे वाढवावे.

टोमॅटोचे भाव मात्र भरवशाचे नसतात. जुलै २०२३ मध्ये भाव इतके चढले की, तमिळनाडू सरकारला चेन्नईतील रास्त भाव दुकानांतून ६० रुपये किलो दराने टोमॅटो विकावे लागले. अशा वेळी टोमॅटोचे प्रमाण निम्मे करून उरलेल्या भागासाठी लाल भोपळा उकडून घालता येतो. थराचा रंग व दाटपणा त्याने टिकून राहतो. आंबटपणासाठी शेवटी थोडा लिंबाचा रस घालावा.

खिम्याचा थर

बारीक चिरलेला कांदा व गाजर मंद आंचेवर दहा मिनिटे परतावे, मग लसूण घालावा. खिमा एकदम न घालता दोन वेळा घालावा. एकाच वेळी सर्व खिमा घातल्यास पातेल्याची उष्णता उतरते, खिम्याला पाणी सुटते आणि तो तांबूस होण्याऐवजी उकडला जातो. तांबूस झालेल्या खिम्यालाच खमंग चव येते. त्यानंतर टोमॅटो व पाऊण वाटी पाणी घालून झाकण ठेवावे. बोकडाचे मांस चिवट असल्याने त्यास पाऊण ते एक तास लागतो. घाई असल्यास कुकरच्या तीन शिट्या करून नंतर उघड्यावर आटवावे. पळी तळाशी ओढली असता क्षणभर वाट राहील, इतकाच दाटपणा ठेवावा.

पांढरा सॉस

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात. लोणी वितळवून त्यात मैदा घालावा आणि रंग न बदलता, बेसनाचा जसा कच्चा वास घालवतात तसा, दोन मिनिटे परतावा. लोण्यामुळे मैद्याचा प्रत्येक कण सुटा होतो. म्हणूनच दूध घातल्यावर पिठल्यात होतात तशा गुठळ्या होत नाहीत. दूध तीन-चार वेळा विभागून घालावे आणि प्रत्येक वेळी नीट घोटावे.

मैद्यातील पिष्टाचे कण गरम दुधात फुगतात व दूध दाट होते. ही क्रिया साधारण ६० अंश सेल्सिअसपासून सुरू होत असली, तरी पूर्ण दाटपणा उकळीच्या जवळ गेल्यावरच येतो. त्यामुळे सॉस एकदा उकळून पुढे तीन-चार मिनिटे मंद आंचेवर ठेवणे आवश्यक असते. फुगलेले हे पिष्ट दुधातील प्रथिनांना आधार देते. परिणामी टोमॅटोच्या आंबटपणाशी संपर्क येऊनही सॉस सहसा फाटत नाही.

दुधाच्या पिशवीवरील स्निग्धांशाचे प्रमाण पाहून घ्यावे. नियमानुसार टोन्ड दुधात ३ टक्के, प्रमाणित दुधात ४.५ टक्के आणि फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो. प्रमाणित दूध या सॉससाठी पुरेसे आहे. फुल क्रीम दूध घेतल्यास लोणी १० ग्रॅमने कमी करावे.

चीज आणि शाकाहार

चीज करताना दूध विरजण्यासाठी रेनेट वापरतात. ते वासराच्या जठरापासून मिळविलेले असू शकते किंवा सूक्ष्मजीवांपासून तयार केलेले असते. इटलीतील मूळ पार्मिजानो रेज्जानो चीजसाठी वासराचे रेनेट वापरण्याचाच नियम आहे. त्यामुळे हे चीज घातलेला लझान्या, त्यात मांस नसले तरी, काटेकोर शाकाहारी व्यक्तीला चालणारा नव्हे. भारतात वेष्टनावरील हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ पाहून खात्री करून घेता येते. पट्ट्यांच्या पाकिटावरही ही खूण पाहावी, कारण काही पट्ट्यांत अंडे असते.

प्रक्रिया केलेले चीज वापरल्यास सॉसमध्ये मीठ घालू नये. अशा चीजमध्ये मीठ आधीच जास्त असते.

थर आणि भाजणी

भांड्याच्या तळाशी प्रथम थोडा सॉस पसरावा, म्हणजे पट्ट्या चिकटत नाहीत. त्यावर तीन पट्ट्या, खिम्याचा तिसरा भाग आणि पांढरा सॉस असा क्रम तीनदा करावा. सर्वांत वर सॉस व चीज यावे. न उकडलेल्या पट्ट्या भाजताना सॉसमधील पाणी शोषून शिजतात. म्हणून पट्टीचा एकही कोपरा उघडा राहू देऊ नये, नाहीतर तो वाळून कडक होतो. सॉस फार दाट वाटल्यास अर्धी वाटी दूध घालून सैल करावा.

पट्ट्या घरी करावयाच्या झाल्यास बारीक रवा व मैदा समप्रमाणात घेऊन घट्ट भिजवावे, अर्धा तास झाकून ठेवावे आणि वरणफळांसाठी लाटतात त्याहूनही पातळ लाटून दोन मिनिटे उकळत्या पाण्यात शिजवावे. महाराष्ट्रातून आणलेला बन्सी गव्हाचा रवा मिळाल्यास उत्तम, कारण बन्सी हा पास्त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ड्युरम जातीचाच गहू आहे. चेन्नईत साध्या रव्याला ‘बॉम्बे रवा’ म्हणतात, तोही चालतो. दमट हवेत मात्र पीठ भिजवताना पाणी बेताने घालावे.

घरगुती विजेची भट्टी १८० अंशांवर दहा मिनिटे आधी तापवावी. भांड्यावर पातळ ॲल्युमिनियम कागद लावून २५ मिनिटे आणि कागद काढून १५ मिनिटे भाजावे. बाहेर काढल्यावर लगेच कापू नये. पंधरा मिनिटांत सॉस थोडा बसतो व थर सुटे न होता तुकडे निघतात.

उरलेल्या लझान्याची काळजी

दूध, मांस व पिष्ट एकत्र असलेला हा पदार्थ जंतूंच्या वाढीस पोषक असतो. काही जीवाणूंचे बीजाणू भाजल्यानंतरही जिवंत राहतात आणि पदार्थ कोमट असताना झपाट्याने वाढतात. ५ ते ६० अंश हा तापमानाचा पट्टा त्यासाठी धोक्याचा मानला जातो. म्हणून लझान्या बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये. खोलीचे तापमान ३२ अंशांहून अधिक असल्यास ही मर्यादा एका तासावर येते. चेन्नईच्या उन्हाळ्यात तीच पाळावी. भांडे तसेच शीतकपाटात ठेवल्यास मधला भाग बराच काळ कोमट राहतो. त्यामुळे तुकडे करून उथळ डब्यांत ठेवावे, तीन दिवसांत संपवावे आणि आतपर्यंत वाफाळेल असे गरम करूनच खावे.

वीज खंडित झाल्यास न उघडलेले शीतकपाट सुमारे चार तास थंड राहते. डिसेंबर २०२३ मधील मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी चेन्नईच्या अनेक भागांत वीजपुरवठा दीर्घकाळ बंद होता. अशा प्रसंगी उरलेला लझान्या वास घेऊन पारखण्याचा मोह टाळावा. विषबाधा करणारे अनेक जंतू वास किंवा चव बदलत नाहीत.

घरी करण्याचा लाभ

ब्रिटनमध्ये तयार गोठवलेला लझान्या मोठ्या प्रमाणावर विकला जातो. फेब्रुवारी २०१३ मध्ये तेथील फिंडस कंपनीच्या गोमांस लझान्याच्या तपासणीत काही नमुन्यांत ६० ते १०० टक्क्यांपर्यंत घोड्याचे मांस आढळले आणि साऱ्या युरोपात खळबळ उडाली. हे मांस अनेक देशांतील मध्यस्थांच्या हातून फिरत कारखान्यात पोहोचले होते. थरांखाली काय दडले आहे, हे खाणाऱ्याला कळण्यास मार्ग नव्हता.

ओळखीच्या खाटकाकडून डोळ्यांदेखत करून घेतलेला खिमा, बाजारातून निवडून आणलेला टोमॅटो आणि वेष्टनावरील खूण पाहून घेतलेले चीज यांपासून घरी केलेल्या लझान्यास दीड ते दोन तास लागतात. त्या श्रमांच्या मोबदल्यात ताटात काय वाढले आहे, याची खात्री घरातील प्रत्येकाला मिळते.